नमुना क्रमांक एकेचाळीस

२८ मार्च

प्रिय भावोजी,
स. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नका. रागवायचंच असेल तर तुमच्या त्या मंडळावर रागवा. परवा निकालाचा कागद आला. आमची वाइन नापास.

पाकीट मीच फोडलं. मला वाटलं नेहमीचंच, पास झाल्याचं असेल, म्हणून उभ्याउभ्याच वाचलं आणि मग तिथेच पायरीवर बसले. या घरात असला कागद कधी आला नव्हता. दर वसंतात बाटली पाठवायची, पाच चाखणाऱ्यांनी कोणाची आहे ते न कळता चाखायची आणि लेबलावर दरीचं नाव छापायची परवानगी यायची. शाळेत हजेरी लागावी तसं होतं ते. आता म्हणे यंदा नुसतं ‘पांढरी वाइन’ असं छापा. भावोजी, तुम्हीच सांगा, नुसती पांढरी वाइन म्हणून आपली वाइन कोण घेणार? पहिल्या घोटाला गालफडं आत ओढली जातात. ज्याला गोड हवंय त्यानं सरबत प्यावं, असं हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असतात. ती विकली जाते ती या दरीच्या नावावर. नदीवरचं धुकं सकाळी दहापर्यंत उठत नाही, द्राक्षं सावकाश पिकतात, आपला आंबटपणा सोडत नाहीत, आणि मुळं त्या पांढऱ्या, शिंपल्यांनी भरलेल्या दगडात शिरलेली असतात, हे लोकांना माहीत आहे म्हणून. नाव गेलं की राहिलं काय, आंबट पाणी.

कागदावर दोनच ओळी टाइप केल्या आहेत. ‘त्रुटी आढळली.’ आणि खाली, ‘शेरा : दगड मुका आहे.’ ही काय भाषा झाली? दगड कधी बोलतो का? मी ह्यांना हसतहसत तसं म्हटलं, तर हे हसले नाहीत. कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. जेवताना काढून वाचतात, परत ठेवतात. जानेवारीतल्या त्या तापानंतर तसेही गप्पच झालेत, त्यात हे.

एक काम करा. तुमची प्रयोगशाळा मंडळाच्याच इमारतीत तळमजल्यावर आहे ना? त्या पाच जणांची नावं गुप्त असतात हे मला ठाऊक आहे, पण भिंतींना कान असतात आणि तुम्हालाही दोन आहेत. नाकानं कांदे सोलणारा हा शहाणा कोण, एवढंच मला कळू द्या. मी काही त्याला मारायला येणार नाही. नुसतं बघून ठेवीन.

बाकी घर ठीक. पिपेवाले काका जिन्यावरून पडले, पण पिंपासारखेच गडगडत खाली आले आणि उठून चालायला लागले. तुमच्या परीक्षानळ्यावाल्या चष्मेवाल्या बाई काय म्हणतात? विषय बदलू नका, उत्तर लिहा.

ह्यांनी आशीर्वाद सांगितलेले नाहीत, पण मी त्यांच्या वतीनं लिहिते. माया आहे ती राहू द्या.

तुमची,
वहिनी

---

६ एप्रिल

ती. सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वाचून काय वाटलं ते लिहिता येत नाही, म्हणून दोन दिवस लिहिलंच नाही.

नावांचं मात्र विचारू नका. ती यादी अध्यक्षीणबाईंच्या कपाटात असते आणि चावी त्यांच्या गळ्यात. आम्ही खालच्या मजल्यावरची माणसं आमच्या नळ्या धुतो आणि घरी जातो. शिवाय नाव कळून काय होणार? कुणीतरी बसलं होतं, त्यानं समोर आलं ते चाखलं. दादाच्या वाईटावर असलेलं कुणी नसेलही.

दादाला सांगा, यात कुणाचा दोष नाही. एवढा कसबी माणूस, पण पिंप म्हटलं की एखादं चुकतं. एकच पिंप चार बोटं रिकामं राहिलं, आत हवा शिरली, की मार लागलेल्या सफरचंदासारखा तो वास धरतो, आणि ते पिंप बाकीच्यांत मिसळलं की सगळ्या मालाला लागतो. असं मोठमोठ्या तळघरांत होतं. पुढच्या वर्षी नाव परत मिळेल. ताप येऊन गेलाय तर त्यानं पहाटेच्या दवात उतारावर जाऊ नये.

एप्रिलअखेर यायचं म्हणत होतो, पण रजा मिळेल असं वाटत नाही. कुलूपवाल्याच्या दुकानावरची माझी खोली तशीच आहे, खालून दिवसभर कानस घासल्याचा आवाज. हल्ली मी जेवणात तिखट-मसाला खात नाही, तब्येतीसाठी. चष्मेवाल्या बाईंची बदली झाली. विषय संपला, तुम्ही सुटलात आणि मीही.

दादाला माझा नमस्कार. वहिनी, तुम्ही दोघं सांभाळून असा. आठवण ठेवा म्हणायला तोंड नाही, तरी ठेवा.

तुमचा,
धाकटा

---

२० एप्रिल

प्रिय भावोजी,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा बरं वाटलं. दुसऱ्यांदा एका शब्दावर अडखळले. तिसऱ्यांदा दार लावून वाचलं.

सफरचंदाचं तुम्हाला कुणी सांगितलं? मी लिहिलं नव्हतं. कागदावर नाही. ह्यांना ते माहीतच नाही. या घरात ते फक्त मला माहीत होतं, आणि मी ते कुणापाशी बोलले नाही. तुम्ही कुणाची फाइल चोरून वाचली असेल. नोकरीवर गदा येईल असं काही करू नका. पण आता तुम्हाला इतकं कळलंच आहे तर उरलेलं मी सांगते, मलाही कुठेतरी ओकून टाकायचंच आहे.

ह्यांना वास येत नाही. त्या तापात नाक गेलं ते परत आलं नाही. मला कळलं ते असं : मी मागच्या अंगणात होते, दूध करपून स्वयंपाकघरात धूर कोंडला, आणि हे चुलीपासून दोन हातांवर बसून पेपर वाचत होते. मी ओरडले तेव्हा म्हणाले, वाचण्यात लक्ष होतं. मी खरं मानल्याचं दाखवलं. मग लक्ष ठेवायला लागले. तळघरात ग्लास नाकाशी नेतात, डोळे मिटतात, सगळं पूर्वीसारखं. पण डोळे उघडले की आधी माझ्या तोंडाकडे बघतात. माझा चेहरा वाचतात, भावोजी, आणि मग म्हणतात, छान आहे.

पंधरा दिवस अंथरुणावर होते तेव्हा तिसरं पिंप भरायचं राहिलं. उठल्यावर त्यांनी वरून भरून घेतलं, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. फेब्रुवारीत सगळी पिंपं एकत्र करायच्या दिवशी त्यांनी मला तिसऱ्यातला ग्लास दिला. मला तुमच्यासारखे शब्द येत नाहीत, पण नाक आहे. पिशवीच्या तळाशी राहिलेलं, काळं पडलेलं सफरचंद असतं ना, तसं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी हसले. तोंड वाकडं केलं असतं तर त्यांना पिंपाचं कळलं असतं, पण मला त्यांच्या नाकाचं कळलंय हेही कळलं असतं. तेवढं मला करवलं नाही. झाकली मूठ म्हणून मी मूठ झाकली, आणि एका पिंपानं बाकीची नऊ नासवली.

आता ऐका काय झालंय. सतरा तारखेला शिरकेवाल्याचा, त्या व्हिनेगर करणाऱ्याचा, टँकर आला. पिपेवाले काका गयावया करत होते, नुसती पांढरी म्हणून तरी वीक. हे म्हणाले, नाव नसलेली वस्तू माझ्या घरातून जाणार नाही, त्यापेक्षा आंबू दे. नळी लावली आणि स्वतः पकडून उभे राहिले. दीड तास. मी खिडकीतून बघत होते. तेव्हापासून तळघरात पाऊल नाही. आणि परवा म्हणाले की वरचा शिंपल्यांचा उतार विकून टाकावा. सुट्टीतली घरं बांधणारा एक जण केव्हाचा मागे लागलाय. कागद जूनमध्ये व्हायचेत.

ह्यांना यातलं एक अक्षर कळू देऊ नका. मला फक्त एवढं सांगा, तो शेरा लिहिणारा माणूस चुकला नव्हता ना? तो बरोबर होता हे मला माहीत आहे. तरी रोज सकाळी मी त्यालाच शिव्या देते, कारण स्वतःला देऊन संपल्यात.

आमच्यावर जीव असू द्या. या दिवसांत तोच कामाला येतो.

तुमची,
वहिनी

---

२५ एप्रिल

ती. सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

शिव्या ज्याला देता आहात तो मीच आहे.

हे वाक्य लिहायला मला चार कागद लागले. आता खाली लिहितो ते एका दमात लिहितो, कारण थांबलो तर परत मूग गिळून बसेन.

दोन वर्षांपूर्वी मला प्रयोगशाळेतून वर घेतलं. पाचांतला पाचवा. घरी सांगायची बंदी होती हे खरं, पण बंदी नसती तरी मी दादाला सांगितलं नसतं. मनात यायचं, एक दिवस तो स्वतः कुणाकडून तरी ऐकेल. मसाला खात नाही तो जिभेसाठी, तब्येतीसाठी नाही.

नियम असा आहे. नमुना ओळखीचा वाटला, नात्यागोत्यातला वाटला, की ग्लास टेबलावर उलटा ठेवायचा आणि बाहेर जायचं. कुणी काही विचारत नाही. उरलेले चौघं ठरवतात, आणि समसमान झालं तर नमुना पास.

एकेचाळीस क्रमांकाचा ग्लास समोर आला. आधी ते सफरचंद आलं. मग त्याच्या मागून, खूप लांबून, आपला उतार आला. पाऊस पडून गेल्यावर वरच्या बांधावर पाय ठेवला की दगड फुटून जो वास येतो तो. वहिनी, तो मी कुठेही ओळखीन. लहानपणी त्या दगडातले शिंपले काढून मी उशाशी ठेवत असे. ग्लास उलटा ठेवायला हात गेला. खरंच गेला होता. आणि मी तो मागे घेतला.

का, ते लिहितो. बाबा गेले तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. तेराव्या दिवशी दादा मला म्हणाला, एका तळघरात दोन नाकं मावत नाहीत, तू शहरात जा, शीक. फी त्यानं भरली, पेटी त्यानं बांधली, पण मी ऐकलं ते एवढंच की तुझं इथे काम नाही. एकोणीस वर्षं मी ते वाक्य घेऊन फिरतोय. त्या दिवशी ग्लास हातात होता आणि मनात आलं, आता मी सांगतो तुला, तुझी वाइन कशी आहे ते.

दोघांनी हो म्हटलं होतं, दोघांनी नाही. मी नाही म्हटलं. म्हणजे मी नियमाप्रमाणे उठून गेलो असतो, तर तुम्ही पास झाला असता. शेरा लिहायचं कामही माझ्याकडे होतं.

वास खराब होता, हे खोटं नाही. पण तो शेरा लिहिताना मला बरं वाटलं. एक घोट खाली उतरायला लागतो तेवढाच वेळ, पण वाटलं. तेच मला सोडत नाही. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हणतात ना, तसा मी निघालो, तोही पगार घेऊन.

आणि नाकाचं मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी काय केलं असतं, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. उत्तराची खात्री नाही.

तुमचा म्हणवून घ्यायला अजून परवानगी असेल तर,
तुमचा,
धाकटा

---

२ मे

श्री. रा. रा. भावोजी यांस,
नमस्कार.

पत्र पोचलं.

मी काय लिहावं अशी तुमची अपेक्षा आहे? झालं गेलं विसरा? मी तुमच्या खोलीसाठी गोधड्या शिवून पाठवल्या. तुमच्याकडून चार ओळी आल्या की मी त्या ह्यांना दोनदा वाचून दाखवत होते, आणि हे दुसऱ्यांदाही पहिल्यांदा ऐकल्यासारखे ऐकत होते.

मी तुम्हाला माझं पाप सांगितलं म्हणून तुमचं आणि माझं एकाच तराजूत टाकू नका. मी ह्यांना सांभाळायला गेले आणि चुकले. तुम्ही दुखवायला गेलात आणि जमलं.

ह्यांना मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ते तुमचं काम आहे. माझ्या खांद्यावरून दगड मारू नका. ह्यांच्या नावानं लिहा, पाकिटावर ह्यांचं नाव घाला, मी ते न फोडता हातात देईन. जूनच्या आत लिहा. उतार गेला की मग लिहायला कारण उरणार नाही.

प्रकृती सांभाळा, हे सवयीनं लिहिलंय.

वहिनी

---

१८ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र वहिनींनी तुला बंद पाकिटात दिलं असेल. पूर्ण वाच आणि मग काय करायचं ते कर.

तुझी वाइन नापास करणारं पाचवं मत माझं. मी ती ओळखली होती. ओळखल्यावर उठून जायला हवं होतं, गेलो नाही. तुझ्यावरचा जुना राग त्या ग्लासात ओतला. वहिनींना हे मी पंचवीस एप्रिलला कळवलं, त्यांनी तुला सांगायला मलाच सांगितलं. त्यांनी तसं केलं नसतं तर मी अजूनही पुढच्या आठवड्यावर ढकलत राहिलो असतो.

सहा तारखेला मी अध्यक्षीणबाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी खुर्ची दिली नाही, उभ्यानंच ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की नमुना ओळखणं हा दोष नाही, पण ओळखून गप्प राहणं हा आहे, आणि तुम्ही पंचवीस वर्षांच्या विश्वासाला भोक पाडलंत. त्यांनी माझं मत रद्द केलं आणि राखून ठेवलेली बाटली पुन्हा चाखायला लावली. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मला वाटलं, निदान कागदावर तरी नाव परत येईल. टँकर गेला ते परत येणार नाही, पण कागद.

चौघांनीही नाकारली, दादा. दीड महिन्यात वास वाढला होता. ज्या दोघांनी आधी हो म्हटलं होतं त्यांनीसुद्धा. म्हणजे मी कबूल केलं आणि त्यातून तुला दुसऱ्यांदा नापास केलं. घरी येईपर्यंत मला हसू येत होतं आणि ते आवरत नव्हतं.

मी आता मंडळात नाही. नोकरी ठेवली आहे, तळमजल्यावर, नमुन्यांच्या बाटल्या उतरवून घ्यायच्या आणि नोंदवायच्या. तिथं बरा आहे.

उतार विकू नकोस. हे म्हणायचा मला अधिकार नाही, तरी म्हणतो. विकलास तर त्या उताराचाही निकाल मीच लिहिला असं होईल, आणि तेवढी माझी लायकी नाही.

माफी मागतो. उत्तर दिलं नाहीस तर समजून घेईन.

तुझा,
धाकटा

---

३० मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मला पत्र लिहायची सवय नाही, हे तुला माहीत आहे. तुझ्या वहिनीनं कागद, पेन आणि चहा समोर ठेवला आणि बाहेरून कडी लावली आहे.

मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ‘दगड मुका आहे’ असं जगात दोनच माणसं म्हणू शकतात, त्यातला एक हे लिहितोय. बाबा ग्लास कानाशी धरून आपल्याला विचारायचे ना, दगड बोलतोय का रे? तुझी वहिनी या घरात आली तेव्हा बाबा नव्हते, तिला काय कळणार. कागद मी खिशात ठेवला तो राग म्हणून नाही. तू वर पोचलास हे मला त्या कागदावरून कळलं. आधी अभिमानच वाटला. मग वाटलं, आता येईल, दारात उभा राहील आणि सांगेल. आठवडे गेले. तेव्हा राग आला. निकाल तुझा बरोबर होता. खुर्ची चुकीची होती. आणि पत्र उशिरा आलं.

दुसरं. माझं नाक गेलंय. तुझ्या वहिनीला ते कळलंय हे मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक नव्हतं. काल सांगितलं. ती आधी रडली आणि मग पातेलं आपटलं. तिसऱ्या पिंपाच्या वेळी ती जरा जास्तच हसली होती. मी तेव्हाच समजायला हवं होतं. समजलोही होतो. पण मान्य केलं तर सगळंच मान्य करावं लागलं असतं.

तिसरं लिहायला मी चहा संपवला. बाबा जायच्या आठवड्यात मला म्हणाले होते, मळा तू बघ, तळघर धाकट्याला दे, नाक त्याचं आहे. खोलीत मी एकटाच होतो. तेराव्या दिवशी मी तुझी पेटी बांधली. दोन नाकं मावत नाहीत म्हणालो ते खोटं. मला तळघर माझं एकट्याचं हवं होतं. एकोणीस वर्षं दरसाल ती परवानगी आली की मी मनात म्हणायचो, बघा बाबा, जमलं. यंदा कागद आला तेव्हा वाटलं, बाबांनीच पाठवला.

उताराचे कागद परत पाठवलेत. तू म्हणालास म्हणून नाही. मोजणीवाला आला आणि त्यानं वेलाला दोरी बांधली, ते बघवेना.

सप्टेंबरच्या शेवटी तोडणी आहे. ये. त्याआधी येऊ नकोस, मला वेळ लागेल. चाखायला नाही, पाट्या उचलायला ये.

दादा

---

१९ ऑक्टोबर

प्रिय भावोजी,
स. न. वि. वि.

सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. तुमच्या पाठीला काय झालं ते लिहिलं नाहीत, म्हणजे दुखत असणार. आठ दिवस पाट्या उचलल्यात, दुखायलाच हवी. तोडणीच्या बायका अजून विचारतात, तो शहरातला वाकून चालणारा पाहुणा गेला का.

इकडची बातमी. रस पिंपांत गेला आणि आंबायला लागला. तुम्ही इथे होतात तेव्हा एके दिवशी ह्यांनी सगळ्या बायकांच्या देखत ग्लास तुमच्यापुढे धरला आणि सांगितलं की मला वास येत नाही, तू बघून सांग, तेव्हा मी श्वास रोखून उभी होते. त्यातली एक जण म्हणाली, अगंबाई, आमच्या सासऱ्यांचंही तसंच झालं होतं, आणि लगेच सगळ्या पाट्या उचलायला लागल्या. नऊ महिने मी ज्याला डोंगर समजत होते त्याला दुसऱ्यांनी एका वाक्यापुरताच वेळ दिला. बसून हसावं की रडावं तेच कळेना.

आता रोज सकाळी आम्ही दोघं खाली जातो. हे पिंपाला कान लावतात, आंबण्याचा आवाज ऐकतात, मी नाक लावते. मग हे विचारतात काय आहे आणि मला शब्द सापडत नाहीत. एकदा म्हटलं, नुकत्याच पुसलेल्या फरशीसारखं. एकदा म्हटलं, तुमच्या आईच्या पितळी डब्यासारखं. हे ते वहीत जसंच्या तसं लिहितात. मंगळवारी सातव्या पिंपाशी मी तोंड वाकडं केलं. मुद्दाम केलं नाही, झालं. ह्यांनी ते बघितलं, मी बघू दिलं. संध्याकाळपर्यंत ते पिंप वेगळं काढून झालं होतं. एक पिंप गेलं, भावोजी, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी जिना दोन-दोन पायऱ्या चढले.

वसंतात नमुना येईल तुमच्या तळमजल्यावर. उतरवून घ्या, नोंदवा आणि हात लावू नका. पास होईल का सांगता येत नाही.

एक तक्रार आहे. बाबांचं ते बोलणं ह्यांनी तुम्हाला एकोणीस वर्षांनी सांगितलं, आणि आठ दिवसांत तुम्ही त्यावर एक शब्द काढला नाहीत. नुसते पाट्या उचलत राहिलात, जणू शिक्षा भोगताय. मला ते आवडलं नाही. तुमचं तळघर होतं ते. तुम्ही दादाशी भांडायला हवं होतं. तुम्ही दोघं भाऊ एकमेकांना इतकं सांभाळून बोलत होतात की मला परत ते तिसरं पिंप आठवलं.

गाडीत पाय ठेवताठेवता तुम्ही मला विचारलंत, माफ केलं का. मी पिशवी हातात दिली आणि गाडी सुटली. उत्तर टाळलं असं समजू नका, उत्तर तयार नव्हतं. ते आता लिहिते. नाही केलं. करीन असं वाटतं, पण आज विचाराल तर नाही. खोटं हसून हो म्हणणं मला जमतं, हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून म्हणत नाही.

फेब्रुवारीत छाटणीला माणूस लागेल. या, आणि तुमचं जे भांडायचं राहिलंय ते भांडून घ्या. ह्यांना मी तसं सांगून ठेवलंय. ते म्हणाले, यायला हवंच. मधल्या खोलीत अंथरूण घातलेलं असेल.

माया कमी झालेली नाही, रागही नाही. तुम्हीही दोन्ही घेऊन या.

तुमची,
वहिनी